धुराड्याखालचा फिका पट्टा

मामाला रंगाबद्दल काही विचारायचं नाही, असा आमच्या घरात नियम आहे. विचारलंत तर तो उत्तर देतो. "हा शर्ट निळाच आहे ना रे?" एवढं साधं म्हणालात तरी तो शर्ट हातात घेणार, खिडकीशी जाणार, मान तिरकी करणार, डावा डोळा बारीक करणार आणि म्हणणार, "निळा? ह्याला निळा म्हणणाऱ्याला मी दुकानाची पायरी चढू देणार नाही. काळा थेंबभर जास्त पडलाय ह्यात. वाट लावली चांगल्या निळ्याची." तोवर ज्याला तो शर्ट घालून बाहेर जायचं असतं, तो बनियनवर उभा.

मामा रंगाच्या दुकानात रंग जुळवतो. लोक भिंतीचा पोपडा आणतात, खुर्चीचा तुटका पाय आणतात, एका बाईंनी तर नवऱ्याचा बूट आणला होता. "ह्या रंगाचा एक डबा द्या." मामा ती वस्तू उजेडात धरतो, मग पांढऱ्यात कशाचे किती थेंब टाकायचे ते ठरवतो, ढवळतो, बोटाने एक ठिपका वस्तूवर लावतो आणि फुंकर मारत बसतो. वाळल्यावर ठिपका कुठे लावला होता ते सापडलं नाही, की काम झालं. दुकानात त्याला सगळे मास्तर म्हणतात. तोही मास्तरासारखाच वागतो, म्हणजे समोरच्याला ढ समजतो.

अशा माणसाच्या स्वतःच्या छपरावर डाग असावा, ह्याला काय म्हणायचं?

आमच्या छपरावर कौलं नाहीत की पत्रा नाही. डांबराच्या जाड पट्ट्या आहेत, त्यांना शिंगल म्हणतात. वरून रंगीत दगडाची बारीक कच चिकटवलेली, आणि माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक बसवलेल्या. छप्पर गडद राखाडी, जवळजवळ काळं. आणि त्याच्या मधोमध, धुराड्याच्या बुडापासून थेट पन्हळीपर्यंत, हातभर रुंद फिका पट्टा. वरून कुणीतरी दुधाचं भांडं लवंडल्यासारखा.

बाकीचे डाग मामाला तोंडपाठ. खिळ्याखालून उतरलेला तांबूस ओघळ दिसला की, "गंज. खिळा बदला." झाडाची ओली पानं कुजून पडलेले, चहाच्या फडक्यासारखे ठिपके दिसले की, "पानांचा अर्क. झाडून घ्या, उतरेल." वळचणीला सावलीत हिरवी गादी जमली असली की, "शेवाळ. पट्टी उचलायला लागलंय, काढा." आणि कच झडून डांबर उघडं पडलं असलं की डोक्यावरून हात फिरवत, "टक्कल. ह्याला औषध नाही." गल्लीतल्या कुठल्याही छपरावरच्या डागाचं सासर-माहेर तो रस्त्यावर उभा राहून सांगायचा. फक्त आपल्या घरावरच्या त्या फिक्या पट्ट्यापाशी त्याचं घोडं पेंड खायचं.

मग बाकीचे मदतीला यायचे. शेजारच्या काकांना आम्ही हवामान खातं म्हणतो, कारण ते अंदाज रोज सांगतात आणि तो रोज चुकतो.

"अंऽऽ... तसं पाहायला गेलं तर," हे त्यांचं इंजिन तापवणं, "धूर आहे हा. धुराड्यातला धूर खाली बसतो. त्याने रंग उडतो."

"धुराने भांडं काळं होतं की पांढरं?" मामा.

"अंऽऽ... तसं पाहायला गेलं तर काळं."

"मग?"

"तुमच्याकडचा धूर वेगळा असेल."

मामा आत येऊन दार आपटायचा. मग आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण (आम्ही दोघी त्याच घरात मागच्या खोल्यांत राहतो), म्हणायची, "दादा, पट्ट्या तयार होतानाच खराब असतील."

"बरोबर हातभर? बरोबर धुराड्याखालीच? कारखान्यात त्यांना माहीत होतं वाटतं आपलं धुराडं कुठे येणार ते!"

आणि मामी भाजी चिरता चिरता, मान वर न करता, दर वेळी तेच सांगायची. "मी लग्न होऊन आले ना, तेव्हा सगळंच छप्पर असं फिकं होतं."

"तेव्हा तुला सगळंच छान दिसत होतं. मीसुद्धा."

"तेच म्हणतेय. नजर खराबच होती माझी."

इथे विषय संपायचा. मामा डबा कालवायला बसायचा.

म्हणजे असं, की कारण सापडेना म्हणून मामाने सोपा मार्ग काढला. गडद भागातला एक तुटका तुकडा घ्यायचा, त्याच्याशी रंग जुळवायचा आणि फिका पट्टा रंगवून टाकायचा. पहिल्यांदा रंगवला तेव्हा इतका बेमालूम बसला की हवामान खातं दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणालं, "अंऽऽ, पट्टा होता ना इथे?" मामा त्या दिवशी गाणं म्हणत होता. मामाचं गाणं म्हणजे डब्याचं झाकण उघडताना येतो तो आवाज.

पावसाचे दिवस गेले आणि पट्टा पुन्हा दिसायला लागला. पुसट, पण दिसायला लागला. मामा म्हणाला, रंग उतरला. पुन्हा डबा, थोडा गडद. पुन्हा बेमालूम. पुन्हा पाऊस, पुन्हा पट्टा. पुढच्या वर्षी आणखी गडद. दर वर्षी छप्पर एक पाऊल पुढे आणि मामा एक डबा मागे.

हे सगळं घरातलं घरात राहिलं असतं. पण दुकानाचे मालक रोज आमच्याच रस्त्याने जातात.

मालकांनी दुकानात मशीन आणलं. मुठीएवढा डबा, त्याला खाली एक काच. वस्तूवर टेकवला की टिक करतो आणि कुठल्या रंगाचे किती थेंब ते पडद्यावर उमटतं. मालकांना प्रत्येक वाक्याला 'बरं का'ची कडी लावायची सवय आहे, त्यामुळे ते काहीही बोलले तरी आधी गोडच वाटतं.

"मास्तर, तुमच्या नजरेवर माझा पूर्ण विश्वास आहे बरं का. पण तुमच्या घरावरून मी रोज जातो बरं का."

मामा डबा ढवळत राहिला.

"गिऱ्हाईकं विचारतात हो. ज्याला स्वतःच्या छपराचा रंग जुळवता येत नाही, तो आमच्या भिंतीचा काय जुळवणार? मागे गोदामात एक माणूस हवाच आहे मला. डबे लावायला, बरं का."

मामा त्या संध्याकाळी घरी आला तो नीट बोललाच नाही. चपला काढायच्या ऐवजी एकच काढली आणि तसाच खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग मामीच्या शिवणाच्या डब्यातली सगळी रिळं पलंगावर ओतली आणि फिक्यापासून गडदपर्यंत लावायला बसला. लावली, मोडली, पुन्हा लावली.

"अहो, काय चाललंय? मला बटण लावायचंय."

"हे दोन्ही हिरवे तुला सारखे दिसतात?"

"हो."

"मला नाही दिसत."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं काय त्यात? मला वेगळे दिसतात हे खरं, का ते वेगळे आहेत हे खरं?"

मामी आईकडे बघायला लागली. आई छताकडे. तेव्हा आम्हाला कळलं की हा आता गोदामाला घाबरत नाहीये. हा डोळ्यांना घाबरलाय. ज्या माणसाने आयुष्यभर दुसरं काहीच केलं नाही, वाचलं नाही, कुठे फिरायला गेला नाही, फक्त बघितलं, त्याला आपण बघतो ते बरोबर की चूक हेच कळेना झालं होतं. आणि ते तो शांतपणे सोसेल तर शपथ. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, "डोळे उत्तम आहेत." बाहेर येऊन मामा मला म्हणतो, "त्यांच्या खोलीच्या भिंतीचा रंग पाहिलास? त्या माणसाला काय कळणार?"

शेवटी मामानेच मालकांना गाठलं. "परीक्षा घ्या. माझा एक डबा, मशीनचा एक. माझ्याच छपरावर. पाऊस संपल्यावर बघू कोण टिकतं."

मालकांना हे फार आवडलं. छपराच्या गडद भागातला तुकडा त्यांनी स्वतः निवडला. मामाने तो सकाळी घेतला, पाण्यात बुडवून बघितला, कोरडा करून बघितला, परत भिजवून बघितला, वर धरून, खाली धरून, आणि मग रंग कालवला. तुकडा वाळल्यावर मशीनने टिक केलं. डब्यांवर कागद नाही, खूण नाही. मालकांनी आणलेल्या रंगाऱ्याने पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात एक रंग लावला, खालच्या अर्ध्यात दुसरा. कुठला कुठे ते फक्त मालकांना ठाऊक. रंगवताना मामाला स्वयंपाकघरात बसवलं होतं, दाराला कडी लावून, आणि दारावर मालकांचं लक्ष. आतून आवाज येत होता, "ब्रश आडवा मारू नको म्हणावं त्याला! कच निघेल!"

रंग वाळला. पट्टा गायब. दोन्ही अर्धे गायब. मालक म्हणाले, "वा, बरं का."

मग पाऊस. रोज चहा झाला की मामा छत्री घेऊन रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा. पलीकडच्या बंगल्यातल्या कुत्र्याने भुंकणं सोडून दिलं, इतका तो सवयीचा झाला. आत आला की आम्ही विचारायचो नाही. त्याच्या चपला किती जोरात पडतात त्यावरून कळायचं.

पाऊस थांबला आणि दोन्ही अर्धे सारखेच फिके दिसायला लागले.

मालक फाटकाशीच उभे राहिले. "दोघंही नापास बरं का, मास्तर."

"मशीन चुकलं ते ठीक आहे," मामा ओरडला. "मशीनला काय, जनाची नाही मनाची नाही. मी कसा चुकलो?"

"ते मला काय ठाऊक. पण मशीन निदान गिऱ्हाइकाला ढ म्हणत नाही, बरं का. पुढच्या महिन्यापासून गोदाम बघा तुम्ही."

त्याच आठवड्यात वाऱ्याने वळचणीच्या चार-दोन पट्ट्या मोडल्या. मामा म्हणाला, "मोडू दे. गळू दे. मी नाहीतरी गोदामातच राहणार आहे." आईने त्याला न विचारता छपरवाल्याला बोलावलं.

छपरवाला म्हणजे एक वल्ली. तोंडात खिळे धरून बोलतो, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य दातांच्या फटीतून येतं. "ताई, हे अफं नफतं." म्हणजे, हे असं नसतं. तो वर चढला, आणि मामा, ज्याला छपराशी काही देणंघेणं उरलं नव्हतं, तो दोन मिनिटांत शिडीच्या टोकाला, त्याला शिकवायला.

"ती पट्टी अशी ओढू नका. आधी वरची सैल करा. वरची! अहो, वरची म्हणजे..."

आणि गप्प.

आईला वाटलं पडला. ती धावत बाहेर. मामा शिडीवरच होता, तोंड उघडं, हात पुढे. छपरवाल्याने वरची पट्टी सपाट पहारीने उचलली होती, आणि तिच्याखाली झाकलेला खालच्या पट्टीचा भाग फिका होता. फूटपट्टीने आखल्यासारखी रेघ. रेघेच्या वर फिकं, खाली गडद.

"हे कुणी बदललं?" मामा.

"काय बदललं?"

"हा रंग!"

छपरवाल्याने खिळे हातात काढून घेतले. "बदलणार कोण? झाकलेलं राहिलंय, म्हणून मूळ रंग राहिलाय. छप्पर ह्याच रंगाचं आहे तुमचं."

"आणि बाकीचं?"

"काळं शेवाळ. हवेतून येतं. ह्या कचेबरोबर चुनखडीची भुकटी असते, ती खातं आणि पसरतं. इकडची बाजू सावलीची, वाळायला वेळ लागतो, म्हणून तुमच्याकडे जरा जोरात आहे. दर पावसात थोडं वाढतं."

"मग धुराड्याखाली का नाही?"

"धुराड्याच्या बुडाला जस्ती पत्रा मारलाय ना. पावसाचं पाणी जस्तावरून उतरतं, ते शेवाळाला सोसत नाही. तेवढीच जागा स्वच्छ राहिली." मग त्याने पट्ट्याकडे पाहिलं, वाकून नखाने खरवडलं. "पण एक सांगा, जी जागा स्वच्छ होती तिलाच कुणी रंग फासलाय?"

आईने शिडीकडे पाहिलं. खाली अंगणात मामी उभी होती. ती बोलू शकली असती. तिने फक्त पदर खोचला आणि आत गेली. आतून भांडी जरा जास्तच आनंदाने वाजायला लागली.

मामा शिडीच्या मधल्या पायरीवर बसला. "इतकी वर्षं मी घाणीशी जुळवत होतो."

"दादा, असू दे रे," आई म्हणाली.

"असू दे काय? जुळत होतं ना पण! माझा रंग जागेवरच होता. ती घाण पुढे सरकत होती!" आणि उठला. पट्टीचा मोडका तुकडा, अर्धा फिका, अर्धा गडद, काखेत मारून तसाच धुळीने माखलेला दुकानात गेला. आई मागोमाग, कारण त्याला एकटं सोडण्यात अर्थ नव्हता. तिथे काय झालं ते आईने आल्यावर शब्दाशब्दाने सांगितलं.

मालकांनी तुकडा उलटसुलट केला. "म्हणजे नजर बरोबर, डोकं चूक. ते जास्त वाईट बरं का."

"पण नजर बरोबर!"

"मशीनचीही बरोबरच निघाली मग. त्यानेही घाणीशीच जुळवलं. दाखवलं ते जुळवलं. तुम्हीही तेच केलंत. मग मास्तर, तुमच्यात आणि मशीनमध्ये फरक काय राहिला, बरं का?"

आणि मामाला उत्तर आलं नाही. आई म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा. तो तुकडा तसाच काउंटरवर ठेवून तो घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. भिंतीचा रंग चुकीचा आहे असंसुद्धा म्हणाला नाही. मामीची भांडी वाजायची थांबली.

छप्पर धुवायला तिनेच सांगितलं. छपरवाल्याने ब्लीचचं पाणी फवारलं, खालच्या झाडांवर आधी ताडपत्री टाकून. थोडा वेळ जाऊ दिला आणि मग साध्या नळीने हळू धुतलं. जोराचा फवारा नाही, ब्रश नाही. कच निघाली की छपराचं आयुष्य गेलं. मामा ह्यातल्या कशातही बोलला नाही, म्हणजे बघा.

काळं उतरत गेलं. दुसऱ्या दिवशी उन्हात सगळं छप्पर फिकं, पिवळसर राखाडी, नव्यासारखं. आणि त्याच्या मधोमध, धुराड्याच्या बुडापासून थेट पन्हळीपर्यंत, हातभर रुंद काळा पट्टा. मामाचा आणि मशीनचा रंग. ब्लीचला दाद दिली नव्हती.

हवामान खातं बाहेर आलं. "अंऽऽ... तसं पाहायला गेलं तर... धूर."

मामा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मान तिरकी. डावा डोळा बारीक. बराच वेळ. मग एकदम रस्त्यातच ओरडला, "मालक!"

मालक नेहमीच्या वेळेला चालले होते. दचकलेच. मामाने त्यांना दंडाला धरून आपल्या जागेवर आणून उभं केलं.

"वरचा अर्धा कुणाचा?"

"मला ठाऊक आहे. तुम्हाला नाही, बरं का."

"वरचा मशीनचा. खालचा माझा."

"दोनातला एक सांगायचा म्हणजे काय, अंदाज—"

"अंदाज हे सांगतात!" मामाने हवामान खात्याकडे हात केला. "वरचा नुसता काळा राखाडी आहे. खालच्यात हिरवा आहे. दोन थेंब. तुकडा ओला केला की त्यात हिरवं उठत होतं, मी पाण्यात बुडवून बघितलं होतं. तुमच्या मशीनला कोरडा तुकडा दिला, त्याने कोरडा जुळवला. फरक विचारलात ना? हा फरक. शेवाळ आहे हे मला कळलं नाही, मी ढ. कबूल. पण दिसलं होतं मला! मला हिरवं दिसलं होतं!"

आम्ही सगळ्यांनी मान वर करून पाहिलं. आईने पाहिलं, मामीने ओल्या हातांनी सूर्य अडवून पाहिलं, हवामान खात्याने चष्मा पुसून पाहिलं. काळा पट्टा. वरपासून खालपर्यंत एकसारखा काळा. कुणालाही काही दिसलं नाही.

मालक मात्र बराच वेळ मान वर करून उभे राहिले.

"खालचा तुमचाच," ते म्हणाले. ह्या वाक्याला 'बरं का' नव्हतं. मग घसा साफ करून, "सोमवारी काउंटरवर या. गोदामाला दुसरा माणूस बघतो."

"येईन. पण यापुढे गिऱ्हाइकाने वस्तू धुऊन आणली नसेल तर मी हात लावणार नाही. आणि ओली करायला पाण्याची बादली लागेल मला. आणि त्या मशीनला माझ्या खिडकीच्या उजेडातून हलवा."

"मास्तर, मी आत्ता फक्त या म्हणालो, बरं का."

मालक गेले. मामाच्या चेहऱ्यावर पहिल्या वर्षीच्या गाण्याची चिन्हं दिसायला लागली होती. तो छपराकडे वळला, डावा डोळा पुन्हा बारीक झाला, आणि तो स्वतःशीच पुटपुटायला लागला, "फिका राखाडी... पिवळा अगदी किंचित... आता खरा रंग मिळालाय, आता तो पट्टा एका डब्यात असा काही झाकतो की..."

"छपरवाले भाऊ," मामी म्हणाली, "तुम्हाला शिडी हवी आहे का? चांगली आहे. आत्ताच घेऊन जा."